बाकावर विचारलेला प्रश्न

बाबांच्या फाईलमध्ये, सीटी स्कॅनच्या त्या मोठ्या पाकिटाच्या मागे, आईने पांडुरंगाचा एक छोटा फोटो सरकवून ठेवला होता. लॅमिनेट केलेला, कडा उचकटलेला, कधीतरी पंढरपुरातनं आणलेला. दर वेळी काउंटरवर फाईल उघडली की तो घसरून बाहेर यायचा आणि पलीकडची मुलगी काही न बोलता तो परत आत सारायची. तीन महिन्यांत असे कितीतरी काउंटर झाले, पण मला आज आठवतो तो तिसऱ्या मजल्यावरचा बाक, भोकाभोकांचा स्टीलचा, एसीने थंडगार पडलेला, फिनेलच्या वासातला. त्यावर बसून मी आईला एक प्रश्न विचारला होता.

बाबांचं पोट दुखायला लागलं तेव्हा आई म्हणाली, काही निघायचं नाही बघ, पांडुरंग आहे. निघालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. मग म्हणाली, वेळेत कळलं ही त्याचीच कृपा. डॉक्टरांनी सांगितलं की वेळेत कळलेलं नाहीये, लिव्हरपर्यंत गेलंय. मग म्हणाली, डॉक्टर तरी देवमाणूस भेटला. मग, दुखत तरी नाही ना फार. आणि मग दुखायलाही लागलं, असं की ज्या बाबांनी एसटीच्या सगळ्या नोकरीत दुखतंय असं कधी तोंडातनं काढलं नाही ते उशीचा कोपरा दातात धरायचे. त्या दुपारी आई डबा मांडीवर घेऊन बसली होती, डब्यातला मऊ भात तसाच होता, आणि ती म्हणाली, "आज जरा डोळा तरी लागला त्यांचा. त्याची कृपा." आणि मी म्हणाले, "आई, अजून काय काय झालं म्हणजे तू म्हणशील की तो नाहीये?"

आवाज चढवला नव्हता मी. शांतपणे विचारलं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. आईने माझ्याकडे बघितलं, शेजारची पाण्याची बाटली उचलली, जी अर्ध्याच्या वर भरलेली होती, आणि ती भरायला निघून गेली.

सोळा दिवसांनी बाबा गेले.

तो प्रश्न माझा नव्हता, हे मला बाकावर बसल्याबसल्याच कळलं होतं, आई कॉरिडॉरच्या टोकाला वळेपर्यंत. एम.ए.ला असताना तत्त्वज्ञानाच्या पेपरसाठी आम्हाला एक तीन-चार पानी लेख होता, अँटनी फ्लू नावाच्या इंग्रज माणसाचा. त्याचं झेरॉक्स माझ्याकडे कितीतरी वर्षं होतं, पिवळ्या मार्करने रंगवलेलं. त्यात एक गोष्ट आहे, जॉन विस्डम या तत्त्वज्ञाची मूळ गोष्ट फ्लूने आपल्या कामासाठी वळवून घेतलेली. दोन माणसं जंगलातनं चालली असतात, मध्येच एक मोकळी जागा लागते, फुलंही आहेत आणि तणही आहे. एक म्हणतो, इथे कुणीतरी माळी येत असणार. दुसरा म्हणतो, छे, कुणी नाही. दोघं पाळत ठेवतात, कुणी दिसत नाही. अदृश्य असेल, पहिला म्हणतो. मग तारेचं कुंपण घालतात, त्यात करंट सोडतात, वास काढणारी कुत्री फिरवतात. एक किंकाळी नाही, तार हलत नाही, कुत्रं भुंकत नाही. तरी पहिला म्हणतोच, माळी आहे, पण त्याला करंट लागत नाही, वास नाही, आवाज नाही, तो गुपचूप येतो आणि आपल्या लाडक्या बागेची निगा राखतो. शेवटी दुसरा वैतागून विचारतो की बाबा रे, हा तुझा माळी आणि मुळात माळीच नसणं यात फरक काय राहिला? फ्लूचं म्हणणं असं की देवाबद्दलचं विधान असंच दुरुस्त्या करत करत मरतं, एका घावाने नाही, हजार बारीक दुरुस्त्यांनी. आणि मग तो आस्तिकांना सरळ विचारतो, काय घडलं तर तुम्ही म्हणाल की देव नाही, किंवा त्याचं आपल्यावर प्रेम नाही?

लेखात बागेच्या पुढे एक मूलही आहे, हे मी वर्गात वाचताना जवळजवळ ओलांडून गेले होते. घशाचा कॅन्सर झालेलं मूल, ऑपरेशन होण्यापलीकडे गेलेलं. त्याचा इथला बाप वेडापिसा होऊन धावतोय, आणि वरचा बाप काही करताना दिसत नाही. माझ्या झेरॉक्सवर माळ्याच्या खाली तीन रेघा होत्या, मुलाच्या खाली एकही नव्हती.

फ्लूने हे ऑक्सफर्डच्या सॉक्रॅटिक क्लबात वाचलं होतं, जिथे ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस अध्यक्ष असायचा आणि आस्तिक-नास्तिक समोरासमोर बसून वाद घालायचे. छापून आलं ते १९५० मध्ये. त्याच्या आधीची हवा आठवली तर त्या लेखाची धार कळते. १९३६ मध्ये पंचविशीतल्या ए. जे. एयर या इंग्रज तत्त्वज्ञाने, व्हिएन्नातल्या तत्त्वज्ञांच्या मंडळात राहून आलेल्या पोराने, जाहीर करून टाकलं होतं की ज्या विधानाची अनुभवाने पडताळणी होत नाही आणि जे नुसत्या शब्दांच्या अर्थानेही खरं ठरत नाही, त्याला अर्थच नाही. म्हणजे "देव आहे" हे खोटं नाही, खोटं ठरायलाही काहीतरी म्हटलेलं असावं लागतं. नास्तिकाचं "देव नाही" पण तितकंच निरर्थक. वीस-एकवीस वर्षांच्या आम्हा पोरींना हे ऐकून काय वाटलं होतं सांगू, घरातली सगळी जळमटं कुणीतरी एका झाडूत काढल्यासारखं. मी त्या दिवाळीला सुट्टीत घरी गेले आणि आरतीला उभी राहिले तर मनात हेच, की हे शब्द म्हणजे नुसते आवाज आहेत, चांगले आवाज, पण आवाज. बाबा झांज वाजवत होते, शेजारी आई डोळे मिटून उभी होती, आणि मला तिची थोडी कीव आली होती. ती कीव मला आज सहन होत नाही.

हॉस्पिटलच्याच दिवसांतली अजून एक गोष्ट सांगायला पाहिजे. माझा भाऊ वहिनीला फोनवर सांगत होता, असू दे गं, आईला तेवढाच आधार वाटतो. आईने ते ऐकलं. ती बाबांच्या पायाला तेल लावत होती, हात न थांबवता म्हणाली, "आधार वाटतो म्हणून नाही म्हणत मी. आहे म्हणून म्हणते."

या एका वाक्यावर मी नंतर इतका विचार केलाय. कारण फ्लूच्या लेखाला त्याच चर्चेत पहिलं उत्तर आलं ते आर. एम. हेअरचं, आणि ते अगदी माझ्या भावासारखं होतं. हेअर म्हणाला, श्रद्धा हे विधानच नसतं, ती जगाकडे बघण्याची एक मुळातली ठेवण असते. त्यासाठी त्याने "ब्लिक" असा शब्दच बनवला. एका वेड्या विद्यार्थ्याला वाटतं की सगळे प्राध्यापक आपल्याला मारायला टपलेत, त्याला कितीही प्रेमळ प्राध्यापक आणून दाखवा, तो म्हणणार, बघा कसा गोड बोलतोय, कारस्थानी. ही त्याची ब्लिक, आणि आपल्याला तसं वाटत नाही ही आपली. हा हेअर सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या कैदेत गेलेला, बर्मा रेल्वेवर राबलेला माणूस, त्यामुळे तो हे हलकेपणाने म्हणत नव्हता. माणूस कशावर उभा असतो हे त्याने जवळनं बघितलं असणार. तरी आईच्या वाक्यापुढे त्याचं उत्तर टिकत नाही. आई जगाबद्दल काहीतरी म्हणत होती, स्वतःच्या मनाबद्दल नाही. तिला ते खरं म्हणायचं होतं, चुकलं तर चुकलं असं ठरण्याच्या तयारीने खरं. आणि मग माझ्या लक्षात आलं की तिला समजून घेणाऱ्या भावापेक्षा आणि हेअरपेक्षा तो फ्लू, तो नास्तिक, तिचं बोलणं जास्त मानत होता. त्याने निदान विचारलं तरी, तू म्हणतेस ते नक्की काय म्हणतेस?

बाबांचं वर्षश्राद्ध होईपर्यंत मी रात्री बँकेतनं आल्यावर हेच वाचत बसायचे, फ्लूच्या पुढे काय झालं ते. आम्हाला अभ्यासाला तेवढंच होतं, जणू गोष्ट तिथेच संपली. ती संपली नव्हती. आधी एयरची कसोटीच गडगडली, कारण "पडताळता येतं तेच अर्थपूर्ण" हे वाक्य कशाने पडताळायचं? मग अमेरिकेत मिशिगनमध्ये, ग्रँड रॅपिड्सच्या एका चर्चशी बांधलेल्या कॉलेजात शिकवणारा ॲल्विन प्लँटिंगा उभा राहिला. याने त्यांचीच हत्यारं घेतली, तर्काची चिन्हं, शक्यतांची गणितं, आणि १९६७ मध्ये विचारलं की समोरच्या माणसाला मन आहे हे तरी तुम्ही कुठे सिद्ध केलंय? मानताच ना? मग देवाच्याच बाबतीत वेगळा दर का लावता? १९५५ मध्ये जे. एल. मॅकी या नास्तिक तत्त्वज्ञाने म्हटलं होतं की सर्वशक्तिमान, पूर्ण चांगला देव आणि जगातलं दुःख ही दोन्ही एकत्र नांदणं तर्कालाच मान्य नाही. प्लँटिंगाने १९७४ मध्ये दाखवलं की नांदू शकतात, खरोखर स्वतंत्र माणूस बनवायचा तर तो चुकणारच नाही याची हमी देवालाही आपल्या हातात ठेवता न येणं शक्य आहे. तो असं म्हणत नव्हता की देवाचं कारण मला माहितीये. एवढंच, की यात तार्किक विसंगती नाही. आणि हे पुढे बऱ्याच नास्तिकांनीही मान्य केलं. तिकडे इंग्लंडात रिचर्ड स्विनबर्नने १९७९ मध्ये संभाव्यतेचं गणित लावून देव असणं नसण्यापेक्षा जास्त संभवतं असं मांडलं. १९७८ मध्ये या ख्रिस्ती तत्त्वज्ञांची अमेरिकेत सोसायटी निघाली, १९८४ मध्ये जर्नल, आणि २००९ मध्ये क्रिस्प आणि रे या दोघांनी ऑक्सफर्डकडून संपादित ग्रंथ काढून या सगळ्याला ॲनालिटिक थिऑलॉजी, म्हणजे तर्काच्या हत्यारांनी केलेला देवाचा विचार, हे नाव पक्कं केलं. आता तर ख्रिस्ती त्रैक्यावर, एकाच देवाच्या तीन रूपांवर, सुद्धा असे लेख लिहितात, की पुतळा आणि त्याची माती एक का दोन, तसं पिता-पुत्र-आत्मा एक का तीन. मला त्यातलं थोडंच कळतं. पण ज्या वाक्यांना एके काळी नुसता आवाज म्हटलं होतं त्यांच्यावर कुणी इतकं बारीक काम करतंय, शब्द न् शब्द सुटा करून बघतंय, हे बघून मला दर वेळी भरून येतं.

सगळंच पटलं असं नाही. स्विनबर्न सांगतो की दुःख असतं म्हणून धीर दाखवायची, दुसऱ्याच्या कामी यायची संधी मिळते. हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले. उशीचा तो कोपरा, त्यावरचे दातांचे ओले ठसे मी धुवायला टाकले होते. कुणाची संधी ती? माझी? त्या संधीसाठी बाबांना वापरलं?

विल्यम रो या नास्तिक तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये एका हरणाच्या पाडसाची गोष्ट लिहिली. दूरच्या जंगलात वाळलेल्या झाडावर वीज पडते, वणवा लागतो, त्यात पाडस होरपळतं आणि कित्येक दिवस तडफडत पडून मग मरतं. बघायला कुणी नाही, धीर दाखवायला कुणी नाही, शिकायला कुणी नाही. यातनं काय चांगलं निघतं? रो म्हणत नाही की यामुळे देव अशक्य ठरतो, तो म्हणतो की असं काहीही चांगलं दिसत नाही, तेव्हा बहुधा नसावंच. याला स्टीफन विक्स्ट्राने १९८४ मध्ये जे उत्तर दिलं ते मी माझ्या भाषेत असं समजून घेतलं, की डब्यात लाडू नाहीत हे झाकण उघडलं की कळतं, पण तांदळात किडे नाहीत हे वरवर बघून सांगता येत नाही. न दिसण्यावरनं नसणं तेव्हाच ठरतं जेव्हा असतं तर दिसलंच असतं. देवाची कारणं लाडवांसारखी असतील असं कुणी सांगितलं? उत्तर बिनतोड आहे, आणि तरी मला त्याची भीती वाटते, कारण मग कुठल्याही उशीच्या कोपऱ्यावर हेच म्हणता येईल. मला जवळची वाटली ती मॅरिलिन मॅकॉर्ड ॲडम्स. १९९९ मधल्या तिच्या पुस्तकाचा रोख असा की जगाचा एकूण हिशोब जुळून उपयोग नाही, ज्या माणसाच्या वाट्याला ते भयानक आलं त्या माणसाशी देव चांगला ठरला पाहिजे, त्याच्याच आयुष्यात, त्याच्याच हिशोबात. बाबांशी. बाकीच्या जगाशी नाही, बाबांशी.

आणि मग निकोलस वॉल्टरस्टॉर्फ. प्लँटिंगाचा कॉलेजातला मित्र, दोघांनी मिळून १९८३ मध्ये एक ग्रंथ संपादित केला, देवावरची श्रद्धा दुसऱ्या कुठल्या पुराव्यावर न टेकताही कशी वाजवी असू शकते यावर. त्याच १९८३ च्या उन्हाळ्यात त्याचा पंचवीस वर्षांचा मुलगा ऑस्ट्रियात डोंगर चढताना पडून गेला. पुढे १९८७ मध्ये त्याने मुलावर एक लहानसं पुस्तक लिहिलं, तुकड्या-तुकड्यांचं, आणि त्यात युक्तिवाद नाही. ज्या माणसाचं सगळं आयुष्य युक्तिवादात गेलं त्याला देवाचं कारण सापडत नाही आणि तो तसं सांगतो, आणि देवाला सोडतही नाही. सांत्वन करायला येणाऱ्यांना तो म्हणतो की लांबनं बोलू नका, जवळ या, माझ्या दुःखाच्या बाकावर माझ्याशेजारी बसा.

बाकावर बसा म्हणतो. मी बसलेच होते की बाकावर, आईच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ.

बाबा गेल्यावर आईने देवाजवळ दिवा लावला नाही. सुतक फिटलं तरी नाही. आम्ही कुणी विचारलं नाही. कपाटातला देव्हारा ती रोज पुसायची, फुलं बदलायची, पण दिवा नाही. दोन-अडीच महिन्यांनी एका संध्याकाळी मी घरी गेले तर दिवा लागलेला. मी बघतेय हे बघून म्हणाली, "भांडण होतं आमचं. अजून आहे. पण अंधारात किती दिवस भांडायचं?" आपल्याकडे हे नवीन नाही, जनाबाईने विठ्ठलाला काय कमी शिव्या दिल्यात, पण ते आपण गाण्यात ऐकतो, सातारच्या घरात साठीतली आपली आई ते बोलली की अंगावर काटा येतो. जो नाही त्याच्याशी असं भांडता येत नाही. निदान आईला येत नाही, मी ओळखते तिला.

फ्लूचं पुढे काय झालं तेही मी वाचलं. मेथडिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा तो, शाळेत असतानाच नास्तिक झालेला. २००४ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर त्याने जाहीर केलं की जगामागे कुणीतरी बुद्धिमान आहे असं आता वाटतं, प्रार्थना ऐकणारा देव मात्र नाही. आस्तिकांनी जल्लोष केला, नास्तिकांनी वय काढलं. मला दोन्ही आवडलं नाही. माणसाने आयुष्यभर एक प्रश्न प्रामाणिकपणे धरून ठेवला, त्याची अशी ओढाताण कशाला.

पण मला ज्याने धरून ठेवलंय ते उत्तर त्याच चर्चेतलं आहे, हेअरच्या नंतरचं, बेसिल मिचेलचं. ते माझ्या झेरॉक्समध्ये नव्हतं. कुणीतरी फ्लूची तेवढी पानं काढून दिली होती आणि आम्ही तेवढीच वाचली. मिचेलने पण गोष्टच सांगितली, आणि परवा जानेवारीत आईकडे गेले होते तेव्हा मी ती तिला सांगितली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होतो, मध्ये परात, गॅसवर चहा. मी म्हणाले, आई एक गोष्ट ऐक. एक देश असतो, शत्रूने बळकावलेला. तिथला एक भूमिगत कार्यकर्ता. त्याला एका रात्री एक अनोळखी माणूस भेटतो, दोघं रात्रभर बोलतात. तो माणूस सांगतो, मी तुमच्याच बाजूचा आहे, खरं तर तुमचा सगळा लढा मीच चालवतोय, काहीही झालं तरी माझ्यावर विश्वास ठेव. त्या रात्रीनंतर ते परत असे निवांत कधीच भेटत नाहीत. मग कधी तो आपल्या लोकांना मदत करताना दिसतो, हा म्हणतो, बघा, आपला आहे. कधी तो चक्क शत्रूच्या पोलिसाच्या वर्दीत आपल्याच माणसांना पकडून देताना दिसतो. मित्र चिडतात. हा तरी म्हणतो, आपलाच आहे. कधी मदत मागितली की मिळते, कधी नाही मिळत. तेव्हा म्हणतो, त्याला जास्त कळतं.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

मी पुढे सांगितलं. मिचेल म्हणतो की या माणसाला ती वर्दी दिसत नाही असं नाही. ती विरोधात जाते हे त्याला मान्य आहे, आतून फाटतो तो. नुसतं "त्याला कळतं" म्हणून सोडून दिलं आणि काही टोचलंच नाही, तर तो विश्वास नाही, ती पोकळ बडबड झाली. आणि शेवटी मित्र वैतागून त्याला विचारतात, अरे अजून त्याने काय काय केलं म्हणजे तू मान्य करशील की तो आपला नाही?

इथे माझा आवाज अडकला. आई परातीकडे बघत होती.

"मग? काय म्हणतो तो?"

"काही नाही म्हणत. उत्तर देत नाही. त्या माणसाची अशी परीक्षा घ्यायला तयार होत नाही."

"हं," आई म्हणाली. शेंग मोडली, दाणे अंगठ्याने परातीत पाडले. मला वाटलं ती विचारेल की शेवटी तो माणूस कुणाचा निघाला, आणि मी सांगणार होते की मिचेलने ते सांगितलेलं नाही. तिने ते विचारलंच नाही.

"आणि त्या रात्री काय बोलले गं दोघं?"

मी म्हणाले, "ते नाही दिलेलं."

"तेच तर मेन आहे ना," आई म्हणाली.

चहा वर आला होता, मी उठून गॅस बारीक केला. पाठमोरीच उभी राहून विचारलं, तिच्याकडे बघून मला जमलं नसतं. "आई, तुझी होती अशी रात्र?"

"होती," ती म्हणाली. "साखर कमी टाक माझ्यात."